रेघ आणि वायर यांतला फरक तुम्हाला आधीच ठाऊक आहे

वाचकाचा प्रश्न: नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल (मोटर, पंप चालवणाऱ्या विजेच्या पेट्या) बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ तिशीतले. आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला आणि त्यानंतर नऊ वर्षं पॅनेल वायरिंगचं काम. डिझाइन बघणारे इंजिनिअर नोकरी सोडून गेल्यावर मालकांनी यांना विचारलं, "ड्रॉइंगला बसशील का?" कारखान्यात ऑटोकॅड (संगणकावर ड्रॉइंग काढण्याचं सॉफ्टवेअर) आहे, पण त्यातला इलेक्ट्रिकलचा भाग आजवर कुणी उघडलेला नाही. यांनी आठवडाभर संध्याकाळी थांबून तो उघडून पाहिला. काढलेल्या रेघांना वायर नंबर पडेनात. कॉन्टॅक्टचं, म्हणजे स्विचसारख्या उघड-बंद जोडणीचं, चिन्ह कपॅसिटरसारखं दिसू लागलं. एक स्टार्टर (मोटर सुरू करणारं सर्किट) कॉपी केला तर दोन कॉन्टॅक्टरना (मोटरचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचना) एकच नाव आलं. शहरातल्या एका क्लासने दोन महिन्यांचे पस्तीस हजार सांगितले आहेत. कारखान्यात नवीन आलेला इंजिनिअर मुलगा म्हणतो, आधी सहा महिने साधं ऑटोकॅड पक्कं करा, इंग्रजी सुधारा. घरी बायकोला काळजी आहे की ओव्हरटाइम जाईल आणि हातातली कलाही जाईल. ते विचारतात, "मी वायरमन माणूस. हे डिझाइनचं सॉफ्टवेअर मला जमण्यासारखं आहे का? असेल तर सुरुवात कुठून करू? क्लास लावू का?"

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी तुमच्या तीन तक्रारींखाली पेन्सिलने रेघ ओढली. वायर नंबर पडत नाहीत, कॉन्टॅक्ट ओळखू येत नाही, दोन कॉन्टॅक्टरना एक नाव येतं. तुम्हाला वाटतंय की या तीन गोष्टी म्हणजे तुम्हाला जमत नसल्याचा पुरावा. मला त्या उलट वाटतात. पॅनेल आतून न पाहिलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात यातला एकही प्रश्न पडत नाही. त्याच्या रेघा सुबक येतात, नावं टंकून होतात आणि चूक सापडते ती तुमच्यासारख्याच्या टेबलावर, वायर हातात असताना.

"मी वायरमन माणूस" हे वाक्य तुम्ही पत्रात चार वेळा लिहिलं आहे. त्याबद्दल आधी बोलते, सॉफ्टवेअरचं नंतर.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी भोसरीत एका ठिकाणी ड्रॉइंग करत होते. पाण्याच्या पंपांचं पॅनेल होतं, बावीस पानांचं. साधं ऑटोकॅड, म्हणजे नाव ही नुसती अक्षरं आणि वायर ही नुसती रेघ. ग्राहकाने मध्येच बदल सांगितला. चौथ्या पानावरच्या के५ रिलेचं (विजेने चालणाऱ्या स्विचचं) नाव मी के७ केलं आणि के५ हे नाव नव्याने आलेल्या दुसऱ्या रिलेला दिलं. पण जुन्या रिलेचा एक कॉन्टॅक्ट अकराव्या पानावर होता. तिथे के५ तसंच राहिलं. तो कॉन्टॅक्ट साधासुधा नव्हता, टाकीत पाणी नसेल तर पंप बंद ठेवणारा होता. ड्रॉइंग मी तपासलं, माझ्या साहेबांनी तपासलं, ग्राहकाने मंजूर केलं. मग ते वायरिंगला गेलं आणि तिसऱ्या दिवशी आमच्याकडचे जुने वायरमन काका कागद घेऊन वर आले. म्हणाले, "ताई, के५च्या १३-१४वर माझी वायर आधीच बसलीय. हा दुसरा १३-१४ कुठून आणलात?"

तीन शिकलेल्या माणसांच्या नजरेतून सुटलेली चूक त्यांनी पकडली, कारण त्यांच्यासाठी १३-१४ हा आकडा कागदावरचा नव्हता. ते दोन स्क्रू होते आणि त्यांवर आधीच लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे तुकडे) बसलेले होते. ते पॅनेल तसंच गेलं असतं तर पंप कोरडा चालून जळाला असता.

ही गोष्ट सांगण्याचं कारण असं की कॅडमधला इलेक्ट्रिकलचा भाग नेमका त्या काकांसारखा विचार करतो. कुठली वायर कोणत्या स्क्रूवरून निघून कोणत्या स्क्रूवर गेली, या रिलेचे कॉन्टॅक्ट किती, त्यातले वापरले किती, ते कोणकोणत्या पानावर आहेत, याची तो नोंद ठेवतो. चित्र ही त्या नोंदीची दिसणारी बाजू. म्हणून या सॉफ्टवेअरला लागणारं निम्मं ज्ञान तुमच्याकडे नऊ वर्षांचं आहे. उरलेलं निम्मं म्हणजे त्याची भाषा, आणि ती शिकता येते.

आता तुमच्या तीन तक्रारी. तुमच्यासारख्या अनेकांची सुरुवात इथेच अडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

वायर नंबर का पडले नाहीत? तुम्ही नेहमीच्या लाइन कमांडने रेघ काढली असणार. ऑटोकॅड १९८२ साली आलं ते ड्रॉइंग बोर्डाची जागा घ्यायला. त्याला रेघ म्हणजे दोन बिंदूंमधलं अंतर एवढंच कळतं. भिंत, शाफ्ट, वायर, सगळं त्याला सारखंच. इलेक्ट्रिकलच्या भागात रेघ वायर ठरते ती तिच्या लेयरवरून, म्हणजे ड्रॉइंगच्या ज्या थरावर ती आहे त्यावरून. वायरसाठी नेमलेल्या लेयरवर ती रेघ असेल तरच सॉफ्टवेअर तिला वायर मानतं आणि नंबर देतं. त्यामुळे रेघ काढायची ती 'वायर' या कमांडनेच, आणि त्याआधी वायरचा प्रकार निवडायचा: पॉवर की कंट्रोल, रंग कोणता, जाडी किती. तुम्ही आधी काढून ठेवलेलं वाया गेलेलं नाही, साध्या रेघांना वायरच्या प्रकारात बदलण्याची सोय आहे. एक मात्र बघा. रेघेचं टोक चिन्हाच्या टोकाला खरोखर भिडलेलं हवं. पडद्यावर भिडल्यासारखं दिसणं आणि भिडणं यात फरक आहे. ढिल्या लगसारखंच ते. म्हणून स्नॅप (कर्सर नेमक्या बिंदूला चिकटवणारी सोय) कायम चालू ठेवा आणि ग्रिड (ठरावीक अंतरावरच्या बिंदूंची जाळी) सोडून काही काढू नका.

कॉन्टॅक्ट कपॅसिटरसारखा का दिसला? सॉफ्टवेअर अमेरिकन पद्धतीच्या चिन्हांनी उघडलं म्हणून. तिकडे एन.ओ. (एरवी न जोडलेला) कॉन्टॅक्ट दोन समांतर उभ्या रेघांनी दाखवतात आणि सर्किट शिडीच्या पायऱ्यांसारखं आडवं काढतात. आपल्याकडच्या बहुतेक पॅनेलच्या कारखान्यांत आयईसीची (आंतरराष्ट्रीय मानकाची) चिन्हं चालतात, ज्यात कॉन्टॅक्ट तिरक्या पात्यासारखा असतो. तुम्ही आयटीआयपासून तीच पाहत आला आहात. चिन्हांच्या लायब्ररी वेगवेगळ्या असतात आणि कोणती वापरायची ते काम सुरू करण्यापूर्वी ठरवावं लागतं. आयईसी निवडा, मिलिमीटरची टेम्प्लेट निवडा. इंच आणि मिलिमीटर एकत्र आले की चिन्ह एकतर ठिपक्याएवढं येतं नाहीतर पानाबाहेर जातं, कारण फरक २५.४ पटींचा आहे. हे एकदा कुणाच्या तरी मदतीने नीट बसवून घेतलं की पुन्हा बघावं लागत नाही.

आणि तिसरी, दोन कॉन्टॅक्टरना एक नाव. तुम्ही साधी कॉपी कमांड वापरलीत. तिने सांगितल्याप्रमाणे हुबेहूब नक्कल केली, नावासकट. इलेक्ट्रिकलच्या भागाची स्वतःची कॉपी आहे, सुट्या घटकासाठी वेगळी आणि अख्ख्या सर्किटसाठी वेगळी. ती नक्कल करताना पुढचं नाव देते. हेच हलवण्याचं. साध्या मूव्ह कमांडने कॉन्टॅक्टर उचललात तर वायर मागे राहते. त्यासाठी 'स्कूट' आहे: घटक वायरवरून सरकतो आणि वायर त्याच्याबरोबर जुळलेली राहते. पुसायचं तरी त्याच भागातल्या डिलीट कमांडने, म्हणजे मधली तुटलेली वायर पुन्हा सांधली जाते. आणि एक्सप्लोड ही कमांड चिन्हांवर कधीही चालवू नका. तिने चिन्हाच्या आतली सगळी माहिती, नाव, टर्मिनल नंबर, कॅटलॉग नंबर, सुटून जाते आणि हातात फक्त रेघा उरतात.

या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: इलेक्ट्रिकलचं काम साध्या ऑटोकॅडच्या हत्यारांनी करणं. म्हणूनच त्या इंजिनिअर मुलाचा "आधी सहा महिने साधं ऑटोकॅड" हा सल्ला मला अर्धाच पटतो. झूम, पॅन, स्नॅप, लेयर, ब्लॉक (एकत्र बांधलेलं चिन्ह), ब्लॉकमधली माहिती म्हणजे काय, आणि प्रिंट. एवढं यायला हवं, आणि रोज तासभर दिलात तर दोन-तीन आठवड्यांत येतं. सहा महिने साध्या रेघांची सवय हाताला लागली की पुढे तीच सवय मोडायला वेळ जातो. मी स्वतः त्यातून गेले आहे. दहा वर्षं साध्या ऑटोकॅडवर काम केल्यावर इलेक्ट्रिकलला आले तेव्हा माझा हात सारखा लाइन आणि कॉपीकडेच जायचा. तुमची पाटी कोरी आहे, हा तुमचा फायदा आहे.

आता दोन कल्पना, ज्या साध्या ड्रॉइंगमध्ये नसतात आणि ज्यांवर इथलं सगळं उभं आहे.

पहिली म्हणजे प्रोजेक्ट. इथे सुटं पान असं काही नाही. आधी प्रोजेक्ट तयार करायचा, मग त्यात पानं घालायची. वायर एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते तेव्हा एका टोकाला 'सोर्स' आणि दुसऱ्या टोकाला 'डेस्टिनेशन' असा बाण लावायचा. मग दोन्ही पानांवर नंबर एकच राहतो. तुम्ही आठवडाभर सुट्या फाइली उघडून काम करत होता असं पत्रावरून वाटतं. तसं करू नका. सरावाचं एकच पान असलं तरी प्रोजेक्ट काढा.

दुसरी कल्पना कॉइल (वीज मिळताच कॉन्टॅक्ट हलवणारं तारेचं वेटोळं) आणि तिच्या कॉन्टॅक्टची. सॉफ्टवेअरमध्ये कॉइल पेरेंट आणि कॉन्टॅक्ट चाइल्ड. माय आणि लेकरं म्हणा. कॉन्टॅक्ट कुठल्याही पानावर ठेवा, तो ठेवताना त्याची माय कोण हे दाखवायचं. नाव त्याला तिच्याकडूनच मिळतं. कॉइलचं नाव बदललं की सगळ्या पानांवर कॉन्टॅक्टचं नावही बदलतं, आणि कॉइलजवळ लिहून येतं की हिचे कॉन्टॅक्ट कोणत्या पानावर, कोणत्या जागी आहेत. कॉइलला कॅटलॉग नंबर दिला असेल, त्याच्या पिनांची यादी भरलेली असेल, तर १३-१४ संपल्यावर पुढचे मोकळे नंबर येतात आणि कॉन्टॅक्टच शिल्लक नसेल तर सूचना मिळते. भोसरीतली माझी चूक या एका सोयीने जागच्या जागी थांबली असती. म्हणून मी नव्या माणसाला नेहमी सांगते, बाकी काही नंतर शिका, माय-लेकरांचं नातं पहिल्या दिवसापासून जोडा. कॉन्टॅक्टवर हाताने नाव टंकण्याचा मोह होईल, तो टाळा.

हे नीट झालं की पुढचं फळ तुम्हाला माहीत असलेल्या भाषेत मिळतं. वायर कुठून कुठे याची यादी निघते; फेरूल (वायरवर चढवायची नंबरची नळी) छापण्याच्या मशीनला तीच देता येते. बी.ओ.एम. (लागणाऱ्या मालाची यादी) निघतं. टर्मिनलची यादी निघते. कॅटलॉगमध्ये आपल्या बाजारातला प्रत्येक नंबर सापडेल असं नाही, पण तो स्वतः भरता येतो आणि एकदा भरला की कायमचा राहतो. माउंटिंग प्लेटवरची मांडणीसुद्धा त्याच प्रोजेक्टमधून काढता येते, त्यामुळे सर्किटमध्ये असलेला रिले प्लेटवर ठेवायचा राहून गेला असं होत नाही. तिथे तुमचा हात कुणीही धरू शकणार नाही. दोन चॅनेलच्या मध्ये किती जागा सोडली तर बोटं जातात, केबल वळायला खाली किती उंची लागते, ड्राइव्हच्या डोक्यावर काय ठेवायचं नाही, हे कुठलाच क्लास शिकवत नाही.

जे सॉफ्टवेअर करत नाही, तेही सांगायला हवं. ते तुमचं डिझाइन बरोबर आहे की नाही हे सांगत नाही. स्टार-डेल्टा स्टार्टर (मोटर आधी स्टार आणि मग डेल्टा जोडणीत चालवणारा) घ्या. मोटरच्या प्लेटवर २८ अँपिअर लिहिलंय आणि ओव्हरलोड रिले (प्रवाह जादा झाला की मोटर बंद करणारा) फेजच्या फांदीत बसवलाय, तर सेटिंग त्याच्या ०.५८ पट, म्हणजे सुमारे १६ अँपिअर. तुम्ही रिले २८चा निवडलात तर सॉफ्टवेअर तोच निमूटपणे बी.ओ.एम.मध्ये लिहील आणि मोटर जळेपर्यंत रिले ट्रिप होणार नाही. दोन्ही एकदम लागू नयेत म्हणून स्टारचा एन.सी. (एरवी जोडलेला कॉन्टॅक्ट) डेल्टाच्या कॉइलमध्ये आणि डेल्टाचा एन.सी. स्टारच्या कॉइलमध्ये घ्यायचा राहिला, तरी ते हू की चू करणार नाही. त्यातल्या 'ऑडिट'मधून एकाच नावाचे दोन घटक, कुठेही न जोडलेली वायर असल्या गोष्टी सापडतात, आणि ते प्रत्येक प्रिंटच्या आधी चालवाच. पण शॉर्ट सर्किट होईल का, केबल तापेल का, हे बघणं माणसाचं काम. इथे तो इंजिनिअर मुलगा तुमच्या उपयोगी पडेल. ब्रेकरची ब्रेकिंग कपॅसिटी, केबलचा साइझ, कंट्रोल ट्रान्सफॉर्मरचा व्हीए, हे हिशोब त्याच्याकडून शिका, तासभर त्याच्याजवळ बसून, वही घेऊन. आणि त्याला तुमच्या टेबलावर बोलवा. दोघांचं भलं होईल.

इंग्रजीचं म्हणाल, तर मला त्याची फारशी चिंता वाटत नाही. या कामात रोज लागणारे शब्द शंभराच्या आसपास असतील आणि त्यातले कॉन्टॅक्टर, टर्मिनल, फेरूल, इंटरलॉक हे तुम्ही जेवतानाही वापरता. एक वही करा. डाव्या बाजूला कमांडचं नाव देवनागरीत, उजव्या बाजूला ती काय करते ते तुमच्या शब्दांत. 'सर्फ': कॉइलवरून तिच्या कॉन्टॅक्टच्या पानावर उडी. 'स्कूट': वायर न तोडता सरकवणे. 'फिक्स': हा नंबर आता बदलायचा नाही. ही शेवटची कमांड तुम्ही सगळ्यात आधी लिहा, कारण तुम्हाला तिचं मोल कळेल. पॅनेलमध्ये फेरूल चढलेले आहेत आणि वर ड्रॉइंगमध्ये कुणी पुन्हा नंबर पाडले, तर खाली सगळं बदलावं लागतं. वायरिंग सुरू झालं की नंबर फिक्स करून टाकायचे.

आता पस्तीस हजारांचा प्रश्न. क्लास वाईट असतो असं मी म्हणत नाही. पण पैसे भरण्याआधी तिथे एक दिवस बसू द्या म्हणून सांगा आणि काय शिकवतात ते बघा. महिनाभर घराचे प्लॅन आणि नट-बोल्ट काढून घेणार असतील आणि इलेक्ट्रिकल शेवटच्या चार दिवसांत असेल, तर तो तुमच्यासाठी नाही. प्रोजेक्ट काढायला शिकवता का, कॉइल-कॉन्टॅक्टचं क्रॉस रेफरन्स शिकवता का, स्वतःचं चिन्ह बनवायला आणि वायरची यादी काढायला शिकवता का, हे थेट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर परत या. प्रमाणपत्रासाठी म्हणून तर मुळीच पैसे घालू नका. मालकांनी तुम्हाला विचारलं ते तुमचे नऊ वर्षांचे पॅनेल बघून. दोन महिने स्वतः करून पाहिल्यावर जिथे अडाल त्या गोष्टींची यादी करा आणि मग क्लास लावायचा की एखाद्या जाणत्या माणसाला चार रविवार बोलवायचं ते ठरवा. तोपर्यंत तुमचे प्रश्न तुमचे असतील, आणि शिकवणाऱ्याकडून काय घ्यायचं ते तुम्हाला ठाऊक असेल.

कारखान्यात ऑटोकॅडची कोणती आवृत्ती आहे तेही नीट बघा. एलटी (ऑटोकॅडची मर्यादित, स्वस्त आवृत्ती) असेल तर तिच्यात इलेक्ट्रिकलचा भाग येत नाही. पूर्ण ऑटोकॅडचं सबस्क्रिप्शन असेल, २०१९च्या आवृत्तीपासून पुढचं, तर इलेक्ट्रिकल टूलसेट त्यातच मिळतो, वेगळा विकत घ्यावा लागत नाही. फक्त उतरवून घ्यावा लागतो, आणि तो विंडोजवरच चालतो. तुम्ही तो उघडला आहे म्हणजे तुमच्याकडे पूर्ण आवृत्ती असावी. पण हे वाचणाऱ्या कितीतरी छोट्या कारखान्यांत एलटी असते आणि माणसं नसलेलं बटण शोधत बसतात.

घरी सरावासाठी चोरीची प्रत टाकून घेऊ नका. कुणीतरी पेन ड्राइव्हमध्ये आणून देईल, तरीही नको. त्यातून व्हायरस येतो, आणि तीच प्रत कारखान्याच्या संगणकावर गेली तर परवाना तपासणीत मालक अडकतात. आयटीआय किंवा डिप्लोमाला शिकत असलेल्या वाचकांना ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कची विद्यार्थ्यांसाठीची मोफत प्रत एक वर्षासाठी मिळते, शिकत असेपर्यंत पुन्हा वाढवताही येते. मात्र ती पैसे घेऊन करायच्या कामाला वापरायची नाही. तुमच्यासारख्या नोकरदाराने घरी क्यूइलेक्ट्रोटेक वापरावं असं मी सुचवेन. ते मुक्त आणि पूर्ण फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालतं. त्यातही प्रोजेक्ट आहे, कॉइल आणि कॉन्टॅक्ट जोडण्याची सोय आहे, वायरना आपोआप नंबर देता येतात. बटणं वेगळी, विचार तोच. तिथे हात बसला की कारखान्यातलं अवघड वाटत नाही. किकॅड मात्र उतरवू नका. तेही मोफत आणि उत्तम आहे, पण ते छापील सर्किट बोर्डासाठी आहे, पॅनेलसाठी नाही. नाव ऐकून बरेच जण तिकडे वळतात आणि महिना घालवतात. ज्यांच्या कारखान्यात ईप्लॅन किंवा सॉलिडवर्क्स इलेक्ट्रिकल आहे त्यांनाही प्रोजेक्ट, माय-लेकरं, यादी हेच सगळं भेटेल.

सराव कशाचा करायचा? डी.ओ.एल. स्टार्टरचा, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणाऱ्या साध्या स्टार्टरचा. मला माहीत आहे, तो तुम्ही डोळे मिटून वायर करता. म्हणूनच. सर्किट नवीन आणि सॉफ्टवेअरही नवीन, असं दोन्ही एकदम घेतलं की चूक कुठे झाली ते कळत नाही. आधी कागदावर पेन्सिलने काढा. मग दोन पानांचा प्रोजेक्ट करा. एका पानावर पॉवर: ब्रेकर, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, मोटर. दुसऱ्यावर कंट्रोल: एमसीबी, ओव्हरलोडचा ९५-९६, स्टॉप, स्टार्ट, त्याला समांतर १३-१४चं होल्डिंग (स्टार्ट सोडल्यावरही कॉइल लागलेली ठेवणारा कॉन्टॅक्ट), ए१-ए२ची कॉइल, आणि ट्रिपचा दिवा ९७-९८वरून. कॉइलला माय करा, पॉवर पानावरचे तीन मुख्य कॉन्टॅक्ट आणि होल्डिंग तिची लेकरं. आता कॉइलचं नाव बदला आणि पहिल्या पानावर जाऊन पाहा. नाव तिथेही बदललेलं दिसलं की तुम्हाला या सॉफ्टवेअरचा अर्थ कळेल. मी कितीही लिहिलं तरी त्याची सर येणार नाही. नाव देण्याची पद्धत तुमच्या कारखान्यात आहे तीच ठेवा. कॉन्टॅक्टरला के म्हणायची जुनी सवय आहे, आयईसी ८१३४६ (घटकांना नावं देण्याचं मानक) पाळणारे मोटरच्या कॉन्टॅक्टरला क्यू म्हणतात. दोन्ही चालतं, एका प्रोजेक्टमध्ये मिसळलेलं चालत नाही.

मग स्टार-डेल्टा, टायमर आणि दोन्ही इंटरलॉकसह. त्यानंतर नवीन काही शोधू नका. तुम्ही स्वतः वायर केलेलं, ग्राहकाकडे व्यवस्थित चालू असलेलं एखादं पॅनेल घ्या, आठ-दहा पानांचं. त्याचं जुनं ड्रॉइंग काढा, ज्यावर तुम्हीच लाल पेनाने दुरुस्त्या केल्या असतील, आणि ते इलेक्ट्रिकलमध्ये पुन्हा उभं करा. शेवटी वायरची यादी काढून तुमच्या आठवणीतल्या पॅनेलशी ताडून बघा. हे काम कारखान्याच्याही उपयोगाचं आहे, कारण तेच सर्किट पुढच्या ऑर्डरला तयार मिळेल. मालकांकडे वेळ मागायचा तो या नावाने मागा.

वेळ आणि पैसे यांचंही बोलायला हवं, कारण तुमच्या बायकोची काळजी खरी आहे. ओव्हरटाइमवर घर चालत असेल तर तो अचानक बंद होणं परवडत नाही. मालकांना सांगा की पहिले तीन महिने अर्धा दिवस टेबल आणि अर्धा दिवस ड्रॉइंग. शिकायचा वेळ कामाच्या वेळेतला असू दे, संध्याकाळचा नको. शिकणं ही त्यांचीही गरज आहे. तीन महिन्यांनी पगार काय होईल ते आधीच विचारून ठेवा. हे विचारणं उद्धटपणाचं नाही. ड्रॉइंगला बसणाऱ्याच्या डोक्यावर चुकांची जबाबदारी येते आणि तिचा मोबदला ठरलेला असावा. तेवढ्या काळात मन रमलं नाही तर टेबलावर परत येण्याची वाटही बोलून ठेवा. काही उत्तम वायरमन ड्रॉइंगवर खूष राहत नाहीत, हेही मी पाहिलं आहे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

हातातली कला जाईल का, या प्रश्नावर मी बराच विचार केला. आठवड्यातून एक दिवस जरी टेबलावर उभे राहिलात तर जाणार नाही. तसं करण्याची सवलत मागून घ्याच, ड्रॉइंग चांगलं होण्यासाठीसुद्धा ते लागतं. डिग्री घेऊन थेट खुर्चीत बसलेल्या माझ्या तरुण वाचकांनाही हेच सांगेन: महिनाभर वायरिंगला उभे राहा, एक पॅनेल स्वतः बांधा, सिरीज लॅम्पने तपासा, मग माउस हातात घ्या.

आणि तुमचं पहिलं खरं ड्रॉइंग तयार झालं की ते साहेबांना दाखवण्याआधी प्रिंट काढा आणि कारखान्यातल्या सगळ्यात नव्या मुलाच्या हातात द्या. त्याला म्हणावं, यावरून वायरिंग कर. तुम्ही शेजारी उभे राहा, पण बोलू नका. तो ज्या ज्या जागी थांबेल, मान वर करून तुमच्याकडे बघेल, त्या जागेवर कागदावर लाल खूण करा. त्या खुणा घेऊन वर जा आणि दुसरी आवृत्ती काढा.